हिमाचे वाटेकरी

पुण्याच्या पूर्वेस, मुळा-मुठेच्या दोन काठांवर, मांजरी नावाची दोन गावे समोरासमोर वसलेली आहेत. दक्षिणतीरावरची ती मांजरी बुद्रुक, उत्तरतीरावरची ती मांजरी खुर्द. सोलापुराकडे जाणारा हमरस्ता व लोहमार्ग ही दोन्ही बुद्रुकाच्याच अंगाने जातात. ऊस आणि द्राक्षे ह्यांसाठी ओळखली जाणारी ही जमीन ३० जून २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आली, आणि तेव्हापासून उसाच्या फडांच्या जागी बहुमजली इमारती अधिकच त्वरेने उभ्या राहू लागल्या. अशा ठिकाणी राहून हिमाविषयी व ध्रुवप्रदेशांविषयी लिहावयास बसणे वाचकांस थोडे चमत्कारिक वाटेल. पुणे वेधशाळेने नोंदलेला आजवरचा नीचांकसुद्धा १.७ अंश सेल्सिअस आहे, व तो १७ जानेवारी १९३५ चा. म्हणजे अत्यंत कडाक्याच्या थंडीतही पारा शून्याच्या वरच राहिला. तेव्हा मांजरीकरांचा आणि बर्फाचा संबंध काय, असे कोणी विचारील तर ते योग्यच आहे. परंतु थोडा विचार केला असता असे दिसून येते की, हिमाच्या वतनात आमचाही वाटा आहे. मात्र तो वाटा कोणत्या प्रकारचा, ह्याविषयी आपल्या सुशिक्षित घरांतून गेली सव्वाशे वर्षे थोडा घोटाळा चालत आलेला आहे. तो दूर व्हावा एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम शब्दांपासून आरंभ करू. 'बर्फ' हा शब्द फारशीतून आपल्याकडे आला. आपला जुना शब्द हिम. त्याचेच प्राकृतातून झिजत आलेले रूप हिंव. हिवाळा ह्याच कुळातला, हेमंत ऋतूही ह्याच घराण्यातला, आणि हुडहुडी भरवून अंथरुणाला खिळविणारा हिवतापही ह्याच गोत्रातला. ऋग्वेदातील ऋषी देवांपाशी आयुष्य मागतात ते कित्येक ठिकाणी शंभर हिवाळ्यांचे मागतात. पुढे शंभर शरदांचे मागणे अधिक रूढ झाले. दख्खनच्या शेतकऱ्याला मात्र आकाशातून पडणारे हिम एकाच रूपाने ठाऊक आहे, ते म्हणजे गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत महाराष्ट्रभर जी गारपीट झाली, तिने तोडणीला आलेल्या द्राक्षबागा झोडपून काढल्या, आणि वर्षभराची मेहनत घटकाभरात मातीस मिळाली. सारांश, आमच्याकडे हिमाचे दर्शन घडते ते एक तर ज्वराच्या रूपाने, नाही तर नुकसानीच्या रूपाने.

परंतु निसर्गाने जे दिले नाही ते मांजरीने यंत्राच्या साहाय्याने मिळविले आहे. सोलापूर रस्त्यालगत १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. 'मांजरी नवीन', 'मांजरी मेडिका' अशी ह्या गावचे नाव मिरविणारी द्राक्षांची वाणे तेथूनच निघाली. परदेशी जाणारा द्राक्षाचा घड वेलीवरून उतरला की, काही तासांच्या आत त्याच्या अंगातील ऊन काढून घ्यावे लागते, आणि पुढे समुद्रापार पोहोचेपर्यंत त्यास शून्य ते एक अंशाच्या गारव्यात ठेवावे लागते. गावातील दुसरी गोष्ट त्याहून मोठी. १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे सीरम इन्स्टिट्यूटच्या मांजरी येथील आवारातून करोनावरील लशीच्या पेट्या घेऊन पहिल्या मालमोटारी विमानतळाकडे निघाल्या. ती लस दोन ते आठ अंशांच्या आतच राखावी लागे. तिच्या मार्गास शीतसाखळी असे नाव आहे, व ते मोठे अन्वर्थक आहे. कारण साखळीची एक कडी तुटली तर बाकीच्या सर्व कड्या असून नसून सारख्याच. द्राक्षे असोत वा लस असो, मांजरीचा हा हिवाळा विजेच्या बळावर उभा केलेला आहे. वीज गेली की हिवाळाही जातो.

ह्या मनुष्यनिर्मित शीतगृहांकडे पाहिले म्हणजे पृथ्वीच्या दोन टोकांस असलेल्या निसर्गनिर्मित शीतगृहांची आठवण होते. त्यांपैकी उत्तरेकडील शीतगृहाशी महाराष्ट्राचे नाव फार विलक्षण रीतीने जोडले गेले आहे, आणि त्या कथेचा आरंभही आमच्याच नदीच्या काठी झाला.

मांजरीहून प्रवाहाविरुद्ध काही कोस गेले असता येरवडा लागते. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांस दीड वर्षाची शिक्षा झाली, तेव्हा कारावासाचा काही काळ त्यांनी येरवड्याच्या तुरुंगात काढला. ऑक्सफर्डच्या मॅक्समुल्लर पंडितांनी आपण संपादिलेल्या ऋग्वेदाची नवी आवृत्ती त्यांस तुरुंगात पाठविली, आणि रात्री काही तास दिवा जवळ ठेवण्याची सवलत त्यांस मिळाली. १८९३ मध्ये 'ओरायन' हा ग्रंथ लिहून वेदकाल मागे नेणाऱ्या ह्या गणितज्ञाने त्या दिव्याच्या उजेडात उषःसूक्ते पुन्हा पुन्हा वाचली. १८९८ च्या सप्टेंबरात सुटका झाल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस नव्या ग्रंथाचा पहिला खर्डा तयार झाला, आणि १९०३ मध्ये 'द आर्क्टिक होम इन द वेदाज्' हा इंग्रजी ग्रंथ पुण्यातच प्रसिद्ध झाला. सिंहगडावरील त्यांच्या बंगल्याचे नाव ह्या ग्रंथाच्या लेखनाशी कायमचे निगडित झालेले आहे.

गेल्या माघात आम्ही घरची मंडळी घेऊन त्या बंगल्यापर्यंत जाऊन आलो. हडपसर व स्वारगेट मागे टाकून खडकवासल्याच्या धरणाच्या काठाने गडाच्या पायथ्याशी यावे, आणि तेथून घाटाने किंवा पायवाटेने वर चढावे. गडाची उंची सुमारे १३०० मीटर. वर वारा असा की उपरणे हातात धरावे लागले. पिठले-भाकरी आणि मडक्यातील दही ह्यांचा समाचार घेऊन आम्ही बंगल्यासमोर उभे राहिलो. घर साधे, उन्हाळ्यात शहराच्या धकाधकीपासून दूर बसून लिहावे अशासाठी उत्तम. येथे कोणता ग्रंथ लिहिला गेला व त्यात काय सांगितले आहे, हे आम्ही आमच्या दहा वर्षांच्या नातवास समजेल अशा रीतीने सांगितले. त्याने सर्व नीट ऐकून घेतले आणि विचारले, "आजोबा, आपले मूळ घर तिकडे बर्फात होते, तर मग ते आपण परत का मागत नाही? आपल्या कोकणातल्या घरात आपला वाटा आहे, तसा तिकडेही असेल ना?"

प्रश्न मुलाचा होता. परंतु त्याचे उत्तर दोन शब्दांत देण्याजोगे नव्हते. ध्रुवावरील सारे राजकारण त्या प्रश्नातच आले आहे.

लोकमान्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे. वेदांत उषा एक नसून अनेक आहेत. तैत्तिरीय संहितेत तर त्या तीस बहिणी म्हणून येतात. आश्विनशस्त्राच्या सहस्र ऋचा सूर्योदयापूर्वी म्हणून पुऱ्या करावयाच्या असतात. आपल्याकडील घटका-दोन घटकांच्या पहाटेत हे घडावे कसे? गवामयन सत्र दहा महिन्यांचे असल्याचे उल्लेख आहेत, मग उरलेले दोन महिने सूर्य कोठे गेला? देवांचा दिवस सहा महिन्यांचा व रात्र सहा महिन्यांची, असे मनुस्मृतीही सांगते. पारशी लोकांच्या वेंदिदादातही आर्यांची आदिभूमी घोर हिवाळ्याने उजाड झाल्याची कथा आहे. ह्या सर्वांचा मेळ घालून टिळकांनी असा सिद्धांत मांडला की, हिमयुगापूर्वी उत्तर ध्रुवाभोवतीचा प्रदेश सौम्य हवेचा होता, आर्यांचे पूर्वज तेथे राहत होते, आणि हिमाने तो प्रदेश गिळला तेव्हा ते दक्षिणेकडे निघाले. उत्तर ध्रुव हे मानवाचे आदिस्थान, असे बोस्टन विद्यापीठाचे वॉरन ह्यांनी १८८५ मध्येच लिहिले होते. परंतु वेदवचनांची एवढी भक्कम फळी त्यांच्यामागे नव्हती.

ह्या ग्रंथाने महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांस काय दिले, हे त्या काळच्या परिस्थितीवरून समजते. ज्या राज्यकर्त्यांनी टिळकांस तुरुंगात टाकले, त्यांच्याच भूस्तरशास्त्राच्या व खगोलाच्या आधारे, त्यांच्याच भाषेत, आपला इतिहास त्यांच्या इतिहासापेक्षा जुना असल्याचे सांगणारा तो ग्रंथ होता. पराधीन राष्ट्राला ते मोठेच औषध होते. परंतु औषधास पथ्य असते, आणि ते पथ्य पुढे सुटले. पुण्याच्याच नारायण भवानराव पावगी ह्यांनी १९१५ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहून आर्यांचे मूलस्थान सप्तसिंधूत असल्याचे प्रतिपादिले. १९३९ मध्ये माधवराव गोळवलकर ह्यांनी दोन्ही मतांचा मेळ घालण्यासाठी असे लिहिले की, प्राचीन काळी उत्तर ध्रुवच आजच्या बिहार-ओरिसाच्या प्रदेशात होता. येणेप्रमाणे एकाने घर ध्रुवावर नेले, दुसऱ्याने ते पंजाबात आणले, आणि तिसऱ्याने ध्रुवच उचलून घरी आणला! तिघेही व्यासंगी, परंतु प्रत्येकाच्या मनात मालकीचा प्रश्न होता, आणि तो एकदा मनात शिरला की पुराव्याची वाट आपोआप वळते.

आज ह्याविषयी काय ठरले आहे? शेवटच्या हिमयुगाचा सर्वांत कडक काळ सुमारे २०,००० वर्षांपूर्वीचा, आणि त्याची समाप्ती सुमारे ११,७०० वर्षांपूर्वीची. मागील उबदार काळ गाठावयाचा तर सव्वा लाख वर्षे मागे जावे लागते. म्हणजे टिळकांनी कल्पिलेल्या काळी ध्रुवाभोवती सौम्य हवा असणे संभवत नाही. भाषाशास्त्राचे व प्राचीन जनुकांचे बहुसंख्य अभ्यासक आर्यभाषांच्या पूर्वजांचा माग काळ्या समुद्राच्या व कॅस्पियनच्या उत्तरेकडील गवताळ मुलखापर्यंत नेतात, ध्रुवापर्यंत नेत नाहीत. सहा महिन्यांच्या दिवसाविषयी म्हणाल तर, ज्याला सूर्याच्या क्रांतीचे गणित येते त्याला मेरूवरचा दिवस घरी बसूनही काढता येतो. सूर्यसिद्धान्ताने तो तसाच काढून दाखविला आहे. तेव्हा सिद्धांत उभा राहत नाही. परंतु ग्रंथ उभा राहतो. वेदवचनांकडे केवळ पूज्यबुद्धीने न पाहता, हाती निसर्गाचे पंचांग घेऊन प्रत्येक ऋचेस "तू पाहिलेस ते काय?" असे विचारण्याचे जे धैर्य त्यात आहे, ते आजही संस्कृत शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने घ्यावे असे आम्हांस वाटते. त्या ग्रंथास फडताळात मानाची जागा असावी. फक्त त्याचा सातबारा करू नये.

सातबारा म्हणण्याचे कारण आहे. मांजरीसारख्या वाढत्या गावात राहणाऱ्यास एक गोष्ट नित्य दिसते: जमिनीचा भाव चढला की दूरचे भाऊबंद जवळचे होतात, जुनी कागदपत्रे ट्रंकेतून बाहेर येतात, आणि ज्या बांधावर कोणी वर्षानुवर्षे फिरकले नव्हते तेथे मोजणीचे खांब रोवले जातात. ध्रुवावरही अगदी हेच चालू आहे. तेथील हिम वितळू लागले, जलमार्ग मोकळे होण्याची व तळाचे तेल-वायू हाती येण्याची आशा उत्पन्न झाली, आणि राष्ट्रांच्या ट्रंका उघडल्या. २ ऑगस्ट २००७ रोजी रशियाने उत्तर ध्रुवाखाली समुद्रतळावर पाणबुडीतून आपला ध्वज रोवला. ह्या गडबडीत एक गोष्ट मागे पडते, ती अशी की, त्या मुलखात आजही माणसे राहतात. इनुइट, सामी, नेनेत्स, चुक्ची इत्यादि जमाती तेथे पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत; आर्क्टिक प्रदेशाची एकंदर लोकसंख्या सुमारे ४० लाख आहे. १९९६ मध्ये आठ राष्ट्रांची आर्क्टिक परिषद स्थापन झाली, तेव्हा ह्या मूळ रहिवाशांच्या संघटनांस तीत कायमचे स्थान देण्यात आले. नातवास आम्ही पहिले उत्तर दिले ते हेच: ज्या घरात माणसे राहत आहेत, ते घर आपल्या खापरपणजोबांचे होते असे म्हणत त्याच्या दारात जाऊन उभे राहू नये.

तरीसुद्धा त्या उंबऱ्यावर भारताचे एक पाऊल आहे, आणि ते कसे पडले ही मौजेची गोष्ट आहे. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिस येथे स्वालबार्ड द्वीपसमूहाविषयी तह झाला. द्वीपांचे स्वामित्व नॉर्वेचे, परंतु तहात सामील झालेल्या सर्व देशांच्या प्रजेस तेथे राहण्याची व उद्योग करण्याची सारखीच मुभा, असा तो करार. ब्रिटिश साम्राज्याचा घटक म्हणून हिंदुस्थानचीही त्यावर सही झाली. लोकमान्य त्या वेळी हयात होते. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे देहावसान झाले. म्हणजे ज्या उत्तर दिशेकडे त्यांनी पूर्वजांचे घर शोधले, तेथे पाऊल ठेवण्याचा खरा कायदेशीर हक्क त्यांच्या देशवासीयांस देणाऱ्या तहावर त्यांच्या हयातीतच सही झाली, आणि तो हक्क वंशावळीवरून नव्हे तर सर्वांबरोबर केलेल्या करारावरून मिळाला!

त्या हक्काचा उपयोग व्हावयास मात्र बरीच वर्षे लागली. रशियाने ध्वज रोवला त्याच ऑगस्ट २००७ मध्ये भारताचे पहिले शास्त्रीय पथक स्वालबार्डला गेले, आणि १ जुलै २००८ रोजी नी-ओलेसुन येथे 'हिमाद्री' हे भारताचे संशोधन केंद्र सुरू झाले. ते ठिकाण जवळजवळ ७९ अक्षांशांवर, ध्रुवापासून सुमारे १२०० किलोमीटर अंतरावर आहे. तेथे ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. प्रत्यक्ष ध्रुवावर तर अंधार फिकट होऊ लागल्यापासून सूर्यबिंब वर येईपर्यंत सुमारे सात आठवडे लागतात, व तो उजेड क्षितिजाभोवती गोल फिरत राहतो. डिसेंबर २०२३ पासून भारतीय शास्त्रज्ञ हिवाळ्यातही 'हिमाद्री'वर राहू लागले आहेत. ज्या दीर्घ उषेची कल्पना टिळकांनी येरवड्यातील दिव्याच्या उजेडात केली, तिच्याच जातीची पहाट आज आपली माणसे डोळ्यांनी पाहतात. हा आनंद भोगण्यास पूर्वज तेथे असण्याची काहीच आवश्यकता नाही.

आता दक्षिणेकडे वळू. त्यासाठी पुण्याहून गोवा एक्सप्रेसने मिरज, बेळगाव, लोंढा ह्या मार्गाने दूधसागराचा धबधबा पाहत वास्कोस उतरावे. समुद्राकडेच्या उंचवट्यावर राष्ट्रीय ध्रुवीय व समुद्र संशोधन केंद्र आहे. आम्ही ते बाहेरूनच पाहिले. नारळीच्या झाडांखाली, अंगातून घाम निथळत असता, आतील खोल्यांत उणे २० अंशांवर अंटार्क्टिकेच्या हिमाचे दंडगोल जपून ठेवलेले आहेत ही कल्पनाच मोठी चमत्कारिक वाटली. शेकडो-हजारो वर्षांपूर्वी पडलेल्या हिमात त्या काळची हवा बुडबुड्यांच्या रूपाने कोंडलेली असते. ती काढून शास्त्रज्ञ जुनी ऋतुमाने वाचतात. मांजरीत द्राक्षे राखतात तशी वास्कोत भूतकाळाची हवा राखलेली आहे.

ह्याच गोव्याच्या किनाऱ्यावरून ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम ह्यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय तुकडी निघाली, आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकेवर उतरली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत दोन स्त्रिया होत्या: भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता, आणि समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत. अदिती पंत ह्या सातारा जिल्ह्यातील औंधच्या पंतप्रतिनिधी घराण्यातल्या, पुणे विद्यापीठाच्या पदवीधर. घरातील मुलींस ही गोष्ट अवश्य सांगावी. त्याच मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हे ठाणे उभारले गेले. परंतु ते तरत्या हिमावर असल्याने काही वर्षांतच बर्फाखाली गाडले गेले. पुढची दोन ठाणी, १९८९ चे 'मैत्री' व २०१२ चे 'भारती', खडकावर आहेत. हिमावर बांधलेले घर हिमच परत घेते. मालकीची भाषा बोलणाऱ्यांनी हा धडा विसरू नये.

अंटार्क्टिकेवर सात राष्ट्रांचा दावा आहे. १९५६ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रसंघात हा प्रश्न काढला. तो खंड सर्वांच्या हितासाठी व शांततेसाठी राखावा, असे भारताचे म्हणणे होते; परंतु दावेदारांस ते रुचले नाही व तो विषय मागे घ्यावा लागला. १९५८ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला. अखेर १ डिसेंबर १९५९ रोजी बारा राष्ट्रांनी वॉशिंग्टन येथे करार केला. त्यात भारत नव्हता, तो १९८३ मध्ये सामील झाला. ह्या कराराचे चौथे कलम आमच्या मते एकत्र कुटुंबात राहणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे. कोणाचा जुना दावा मान्य केलेला नाही, अमान्यही केलेला नाही. करार चालू असेतोवर नवा दावा करावयाचा नाही व जुना वाढवावयाचा नाही. कराराच्या इतर कलमांप्रमाणे लष्करी तळ व अणुस्फोट वर्ज्य. शास्त्राचा अभ्यास सर्वांस मोकळा.

आमच्या कुळाचे कोकणातील घर ह्याच न्यायाने तीन पिढ्या टिकले आहे. वाटेकरी अकरा. पैकी कोणाचा वाटा किती, ह्याविषयी दोन मते होती व आहेत. परंतु आजोबांच्या पिढीने असा ठराव केला की, हिशेब बंद करून ठेवावा, जो जाईल त्याने देवापुढे दिवा लावावा, पावसाळ्यापूर्वी घर शाकारावे, फणस उतरतील ते सर्वांकडे पोचवावेत, आणि कोणी विकू नये. घर विद्वानांनी राखले नाही. ते ह्या ठरावाने राखले. अंटार्क्टिकाही अशाच ठरावावर उभी आहे. परंतु ठरावास मुदत असते. खनिजे काढण्यास बंदी करणारा १९९१ चा माद्रिदचा मसुदा १९९८ मध्ये अमलात आला. पन्नास वर्षे झाल्यावर, म्हणजे २०४८ पासून, त्याचा फेरविचार मागण्याची वाट मोकळी होते. आज जी मुले शाळेत आहेत ती त्या वेळी संसारी असतील, व ह्या समाईक घरात खाण काढावी की दिवा लावावा, ह्याचा निर्णय त्यांच्या हातात असेल.

कोणी म्हणेल, हे सर्व ठीक. परंतु मांजरीच्या शेतकऱ्यास त्याचे काय? त्याचे उत्तर पुण्यातच आहे. शिवाजीनगरच्या वेधशाळेस जुने पुणेकर अद्यापि 'सिमला ऑफिस' म्हणतात, कारण हवामानखात्याची कचेरी १९२८ मध्ये सिमल्याहून येथे आली. त्या खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड ह्यांनी १८८४ मध्येच हिमालयावरील हिमाचा व हिंदुस्थानातील अवर्षणाचा संबंध दाखवून दिला होता. आज हा धागा ध्रुवापर्यंत पोहोचला आहे. सायबेरियाच्या उत्तरेस असलेल्या कारा समुद्रावरील हिम घटणे आणि मध्य भारतात सप्टेंबरात अतिवृष्टी होणे ह्यांचा संबंध असावा, असे वास्कोच्या केंद्रातील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडले. अंटार्क्टिकेवरील सर्व हिम वितळले तर जगातील समुद्र सुमारे ५८ मीटर चढेल; ते एका पिढीत घडणार नाही हे खरे, परंतु त्यातील थोडे जरी घडले तरी मुंबईची व कोकणची किनारपट्टी प्रथम भिजेल. पृथ्वीच्या शीतसाखळीचीही एक कडी तुटून भागत नाही.

आणि मूळ घराचीच हौस असेल, तर महाराष्ट्राच्या भूमीने एक निर्विवाद पुरावा जपून ठेवला आहे. चंद्रपूरजवळ इरई येथे चुनखडीच्या खडकावर लांबच लांब ओरखडे उमटलेले आहेत. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी त्यावरून हिमनद्या सरकत गेल्या, त्यांच्या पोटातील दगडांनी ते ओढले. त्या काळी आपली भूमी अंटार्क्टिकेस जोडलेली होती. पुढे ती विलग होऊन उत्तरेकडे सरकत आली. तेथे आर्यही नव्हते आणि अनार्यही नव्हते, माणूसच नव्हता. हे नाते मातीचे आहे, आणि त्यावर कोणत्याही एका कुळाला नाव चढविता येत नाही.

नातवास शेवटी आम्ही सांगितले ते वाचकांसही सांगतो. आपल्या शास्त्रांत देवऋण, ऋषिऋण व पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली आहेत. वारसा म्हणजे प्रथम ऋण, हक्क त्यामागून. हिमात आपला वाटा आहे तो त्या अर्थाने आहे. ज्या गारव्यावर आपला पाऊस, आपली द्राक्षे व आपले किनारे अवलंबून आहेत, तो आपण निर्माण केलेला नाही, आणि यंत्राने करू म्हटले तरी करता येणार नाही. लोकमान्यांचा ग्रंथ घरातील मुलांस अवश्य दाखवावा. सोबत नकाशाही उघडून 'हिमाद्री', 'मैत्री' व 'भारती' कोठे आहेत ते दाखवावे, आणि २०४८ हे साल त्यांच्याकडून पाठ करून घ्यावे. घर कोणाचे होते ह्याचा वाद पंडितांनी खुशाल चालवावा. शाकारणी मात्र सर्व वाटेकऱ्यांनी मिळूनच करावयाची असते, आणि पावसाळा कोणाची वाट पाहत नाही.